अंगणात, गच्चीवर, हॉटेलच्या उघड्या भागात विजेचा हीटर: वायरिंग आणि कंट्रोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली आणि बेळगावात पहाटेचा गारठा सुरू झाला, की शहरातून, खानापूर-जांबोटीकडच्या होमस्टेवाल्यांकडून आणि निपाणी-संकेश्वरच्या हायवेवरच्या हॉटेलवाल्यांकडून तेच ते प्रश्न यायला लागतात. बाहेर हीटर लावायचाय, वायर कुठली घेऊ? बटण कुठे बसवू? पावसाळ्यात त्याचे काय करू? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. पक्के वायरिंग परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. त्याने काय केले आणि काय टाळले, हे तुम्हाला कळावे एवढ्यासाठी हे पान आहे.

१. घरातला रूम हीटरच बाहेर ठेवला तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पंख्याचे आणि ऑइलचे रूम हीटर मुख्यतः हवा तापवतात, आणि उघड्यावर तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. बाहेरचे हीटर इन्फ्रारेड असतात. ते हवेची वाट न बघता समोरच्या माणसाला, खुर्चीला, फरशीला थेट ऊब देतात. दुसरी गोष्ट पाण्याची. रूम हीटरच्या आत दव, धुके, पावसाचे शिंतोडे जाऊ नयेत अशी कसलीच सोय नसते.

बाहेरच्या हीटरांत तीन प्रकार जास्त दिसतात. हॅलोजन नळीचा हीटर सेकंदात तापतो, लालभडक उजेड देतो आणि वाऱ्यात त्यातल्या त्यात टिकतो. कार्बनचा उजेड जरा सौम्य असतो. सिरॅमिक किंवा काळ्या पट्टीचा हीटर उजेड देत नाही, तापायला काही मिनिटे घेतो आणि वारा असला की कमी पडतो. तीन बाजू बंद असलेल्या पडवीला सिरॅमिक, उघड्या गच्चीला हॅलोजन, असे माझे मत.

२. किती वॅटचा घ्यावा? आणि वॅटवरून अँपियर कसे काढायचे?

आपल्याकडचा सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा. वॅटला २३० ने भागले की अँपियर मिळतात. १५०० वॅटला साधारण ६.५, २००० ला ८.७ आणि ३००० ला १३ अँपियर. दोन-तीन माणसांच्या बैठकीला १५०० पुरतो, मोठ्या टेबलाला २००० लागतो. त्यापुढे एकच मोठा हीटर लावण्यापेक्षा दोन बाजूंनी दोन छोटे बरे, म्हणजे एका अंगाला चटका आणि पाठीला गारठा असे होत नाही.

वॅट वाढवण्याआधी वारा अडवा. पूर्वेच्या बाजूला एक आडोसा केला तर पुष्कळदा पाचशे वॅट वाचतात.

३. नेहमीच्या प्लगला लावला तर चालेल का? दुकानदार म्हणाला कन्व्हर्टर लावा.

नाही. मोबाईल-पंख्याचा छोटा सॉकेट ६ अँपियरचा. मोठ्या तीन पिनांचा, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो, तो १६ अँपियरचा. मोठी पिन छोट्या सॉकेटात घालणारा कन्व्हर्टर म्हणजे ८-९ अँपियर अशा वायरवर टाकणे, जी बहुधा १ किंवा १.५ स्क्वेअर एमएमची असते आणि जिच्यावर आधीच दिवे-पंखे चालू असतात. पहिल्या दिवशी काही होत नाही, म्हणूनच तो धोकादायक. सॉकेट हळूहळू पिवळा पडतो, मग काळा.

१५०० किंवा २००० वॅटचा हीटर चांगल्या १६ अँपियरच्या सॉकेटवर अधूनमधून लावायला हरकत नाही, त्या सॉकेटची वायर किमान २.५ स्क्वेअर एमएमची असेल आणि मागे आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारी, प्रश्न ६) असेल तर. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा. ३००० वॅटला मात्र प्लग नकोच. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही हीटरला नको, आणि गुंडाळलेली रीळ तर मुळीच नको. गुंडाळीतल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि वेटोळे आतून वितळते.

४. ‘वेगळी लाईन ओढा’ म्हणतात. म्हणजे नेमके काय काय?

हे पान वाचून एकच काम करणार असाल तर हे करा. लोक हीटर निवडण्यात आठवडा घालवतात आणि त्याच्या मागची वायर जी सापडेल ती जोडतात. खरे तर उलटे हवे.

डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून हीटरपर्यंत क्रम असा: हीटरसाठी स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की उडणारी), तिच्याबरोबर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (किंवा दोन्हींचे काम एकत्र करणारी आरसीबीओ), तिथून तांब्याच्या तीन वायरी, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि हिरवी आर्थिंगची, मग हाताशी येईल असा डीपी स्विच, आणि शेवटी हीटर. मध्ये दुसरा प्लग, दिवा, पंप काही नाही.

वायरची जाडी: २००० वॅटपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम आणि १६ अँपियरची एमसीबी. ३००० वॅटला, तो तासन्‌तास चालणार असल्यामुळे, मी ४ स्क्वेअर एमएम आणि २० अँपियर सुचवतो. नियम लक्षात ठेवा: एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते. ती उडते म्हणून मोठी एमसीबी बसवली आणि वायर तीच ठेवली, तर आता वायरच फ्यूज झाली.

डीपी स्विच का? साधे बटण फक्त फेज तोडते. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास आढळतात, आणि मग बटण बंद असूनही हीटरच्या नळीत करंट असतो. डीपी दोन्ही तोडतो. गिझरला जो लाल दिव्याचा लागतो तोच, २० किंवा ३२ अँपियरचा.

५. आमचे बोर्ड रस्त्याकडच्या बाजूला आहे आणि बैठक मागच्या परसात. अंतराने फरक पडतो?

पडतो. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. तीस मीटर जायला आणि तीस मीटर यायला धरून १३ अँपियरवर सुमारे ६ व्होल्ट वायरीतच जातात, वायर तापली की थोडे जास्त. ४ स्क्वेअर एमएम घेतली तर साडेतीनच्या आसपास. अंतर पन्नास मीटरपर्यंत गेले तर २००० वॅटलाही ४ घ्या.

गावाकडे याहून मोठा मुद्दा मूळ व्होल्टेजचा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असताना २०० व्होल्टच येत असतील तर ३००० वॅटचा हीटर जेमतेम २२७० वॅट देतो. हीटर खराब आहे म्हणून परत करण्याआधी मीटर लावून व्होल्टेज बघा. स्टॅबिलायझर लावून ही कमी भरून काढण्याच्या फंदात पडू नका, एवढ्या लोडचा स्टॅबिलायझर हीटरपेक्षा महाग पडेल.

६. एमसीबी आहे ना, मग आरसीसीबी कशाला? उगीच खर्च.

एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्टसर्किट झाले की उडते. १६ अँपियरची एमसीबी ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसासाठी काहीच करत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला अर्ध्या अँपियरपेक्षाही खूप कमी करंट पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करते. ३० मिलिअँपियर वाट चुकले की क्षणार्धात तोडते. उघड्यावर, ओल्या जागी, मुले वावरतात तिथे ही ऐच्छिक वस्तू नाही. खर्च वाचवायचाच असेल तर रिमोटचा हीटर घेऊ नका.

तिच्यावर ‘टी’ लिहिलेले टेस्ट बटण असते. महिन्यातून एकदा दाबा. उडली नाही तर बदला. उलटे मात्र लक्षात असू द्या: आरसीसीबी ओव्हरलोडला उडत नाही, म्हणून एमसीबी हवीच.

७. आर्थिंग आहे की नाही हे कसे ओळखू? वायरमन म्हणतो न्यूट्रललाच जोडून देतो.

त्या वायरमनला चहा पाजून घरी पाठवा. प्लगमध्ये आर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडली आणि मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर हीटरच्या सगळ्या लोखंडी अंगात २३० व्होल्ट येतात. असा ‘जुगाड’ आपल्या भागात अजून चालतो.

खरे आर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली पाइप किंवा प्लेट आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड आलेली वायर. टेस्ट लॅम्प फेज आणि आर्थिंगमध्ये पेटतो एवढ्यावर विसंबू नका, वायरमनकडून आर्थ टेस्टरने मोजून घ्या. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत ओल टिकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीलाही भेगा पडतात. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. आर्थिंग जरा कमकुवत असले तरी आरसीसीबी उडू शकते. आर्थिंग नसलेच, तर बिघडलेल्या हीटरची बॉडी कुणाचा तरी हात लागेपर्यंत करंट धरून बसते.

८. हीटरवर आयपी६५ लिहिलेय. म्हणजे पावसात भिजला तरी चालेल ना?

आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे सोसतो, ५ म्हणजे पाण्याचा झोत. छपराखालच्या बैठकीला आयपी४४ पुरेसा. उघड्यावर ६५ घ्या.

पण तो आकडा फक्त हीटरच्या डब्याचा. लोक आयपी६५ चा हीटर घेतात आणि त्याचा प्लग भिंतीवरच्या साध्या बोर्डात खोचतात. पाणी तिथून शिरते. बाहेरचे बटण, सॉकेट, जंक्शन बॉक्स सगळे झाकणाचे आणि रबर गास्केटचे हवेत, वायर बॉक्समध्ये खालच्या बाजूने ग्लँडमधून शिरायला हवी, आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यायला हवा, म्हणजे वायरीवरून येणारा थेंब वळशावरच गळून पडतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या जुलैतल्या आडव्या पावसाला तर कुठल्याच आकड्यावर विसंबू नका. हीटर जूनमध्ये उतरवून आत ठेवा. पावसाळ्यानंतर काय करायचे ते प्रश्न १७ मध्ये आहे.

९. किती उंचीवर लावू? आमचे कौलारू घर आहे, लाकडी वासे आहेत.

भिंतीवरचे बहुतेक हीटर किमान १.८ मीटर उंचीवर लावायला सांगतात. दोन ते अडीच मीटर आणि किंचित खाली कललेला, हे आपल्या पडवीला जमते. वरच्या छपरापासून आणि समोरच्या वस्तूंपासून किती अंतर हवे हे हीटरच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळा. पुस्तिका नसेल तर समोर निदान एक मीटर काहीही पेटणारे नको.

मंगळुरी कौलांखालचे वासे-रिपा वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात, त्यात जळमटे आणि चिमण्यांच्या घरट्यांचे गवत. तिथे हीटर वाशाला टांगू नका, भिंतीवर लावा आणि वरची जागा झाडून घ्या. हिरवी शेडनेट, ताडपत्री, फायबरचा पत्रा, लग्नाच्या मांडवाचे कापड यांच्याखाली हीटर लावायचा प्रश्नच नाही. वाळत घातलेले कपडे हे आगीचे सगळ्यात साधे कारण. हीटरच्या समोरून दोरी काढून टाका, नंतर आठवेल असे म्हणू नका.

हॅलोजन नळीचा हीटर आडवाच लावायचा असतो. उभ्या खांबावर शोभेसाठी तिरका केला तर तार एका टोकाला झुकते आणि नळी लवकर जाते. उभ्या वापरासाठीच बनवलेले मॉडेल असेल तर गोष्ट वेगळी.

१०. हीटरजवळची वायर कडक होऊन तडकली. वायरच हलकी होती का?

बहुधा हलकी नव्हती, चुकीच्या जागी होती. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते, आणि हीटरच्या पाठीमागे त्याहून जास्त होते. शेवटचा एक-दीड मीटर सिलिकॉन रबरची किंवा फायबरग्लासच्या वेष्टनाची उष्णतारोधक वायर घ्या आणि नेहमीच्या वायरीशी तिचा जोड हीटरपासून दूर, सिरॅमिक कनेक्टरने, बॉक्समध्ये करा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हात चिकट होतो, मग सुटतो. आणि जोडाच्या जागी रोध वाढला की उष्णता तिथेच साठते.

११. वायर झाडावरून नेऊ की जमिनीखालून?

जमिनीखालून, आर्मर्ड केबलने (जिच्यावर लोखंडी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत, म्हणजे आर्मर, असते), सुमारे अडीच फूट खोल. खाली-वर वाळू आणि वर विटांची ओळ, म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. आर्मरही आर्थिंगला जोडायचा. भिंतीवरून जात असेल तर कॉन्ड्युट पाइप, तोही उन्हात टिकणारा. नारळाच्या, आंब्याच्या झाडावरून नेलेली वायर वाऱ्यात घासते. ती लग्नापुरती असते, हिवाळ्यापुरती नाही.

१२. कंट्रोलसाठी काय बरे? थर्मोस्टॅट लावावा म्हणतोय.

थर्मोस्टॅट हवेचे तापमान मोजतो आणि बाहेरचा हीटर हवा तापवतच नाही. त्यामुळे माणूस भाजून निघाला तरी थर्मोस्टॅट ‘अजून गार आहे’ म्हणत राहील. पैसे वाया.

बाहेर सगळ्यात कामाचा आहे उलट मोजणारा टायमर: बटण दाबले की वीस-तीस मिनिटे चालतो आणि आपोआप बंद होतो. पुन्हा हवा तर पुन्हा दाबा. रात्री गप्पा संपल्यावर हीटर चालू राहून गेला, ही तक्रार त्याने निम्म्याहून जास्त मिटते. टायमरवर लिहिलेला अँपियरचा आकडा हीटरपेक्षा मोठा असला पाहिजे. दिव्यांसाठीचा टायमर नको.

१३. पंख्याच्या रेग्युलेटरने कमी-जास्त करता येईल?

नाही. पंखा शंभरेक वॅटच्या आत, हीटर दोन हजारांचा. रेग्युलेटर काही सेकंदांत जळतो, बोर्डासकट.

दोन रॉडच्या हीटरला ‘अर्धा-पूर्ण’ बटण असते, ते एक रॉड बंद करते. साधे आणि टिकाऊ. सलग कमी-जास्त हवे असेल तर त्या वॅटचा इन्फ्रारेड हीटर डिमर मिळतो. तो हॅलोजन आणि कार्बनला चालतो. सिरॅमिकला त्याचा फारसा अर्थ नाही, कारण ते मुळातच सावकाश तापते. डिमर स्वतःही तापतो, म्हणून त्याचा डबा हवेशीर हवा आणि बाहेरच्या सीलबंद बॉक्समध्ये कोंबायचा नाही. डिमर किंवा इलेक्ट्रॉनिक रिमोट असेल तर आरसीसीबी ‘ए’ प्रकारची घ्या. साधी ‘एसी’ प्रकारची अशा कापलेल्या लहरींना चुकू शकते.

१४. हॉटेलच्या गार्डनमध्ये सहा हीटर आहेत, काउंटरवरून एका बटणाने चालू करायचे आहेत.

सहा २००० वॅटचे म्हणजे १२ किलोवॅट, सिंगल फेजवर ५२ अँपियर. हे सिंगल फेजचे काम नाही. थ्री फेज घ्या, प्रत्येक फेजवर दोन (प्रश्न १८ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका). काउंटरवरचे बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) कॉइलला करंट देईल, हीटरचा करंट कॉन्टॅक्टर सांभाळेल.

कॉन्टॅक्टरवर एकाहून जास्त आकडे छापलेले असतात. एसी-३ चा आकडा मोटरचा, एसी-१ चा साध्या हीटरचा. हॅलोजनसाठी एसी-५बी चा आकडा बघा, कारण चालू होतानाचा धक्का मोठा असतो (प्रश्न १६). प्रत्येक हीटरला स्वतंत्र आरसीबीओ दिली तर एकाच्या बिघाडाने सगळे गार्डन थंड पडत नाही. सगळे एका आरसीसीबीवर टाकले तर प्रत्येकाची किरकोळ गळती जमून ती विनाकारण उडते आणि मग कुणीतरी ती काढूनच टाकते.

१५. लाईट गेली, आम्ही झोपलो. रात्री लाईट आली आणि हीटर आपोआप पेटला! वायफाय प्लगने हे थांबेल का?

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. साध्या पंप स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही, लाईट गेली की तो सुटतो. ‘ऑटो’ लावला की लाईट आली रे आली की पंप चालू. हीटरला ‘ऑटो’ कधीच नको. कॉन्टॅक्टरला हिरवे-लाल पुश बटण आणि होल्डिंग कॉन्टॅक्ट जोडा, म्हणजे लाईट गेली की तो सुटेल आणि माणसाने दाबल्याशिवाय परत लागणार नाही. प्रश्न १२ मधला टायमरही, लाईट गेल्यावर शून्यावर जाणारा असेल, तर हेच काम करतो.

वायफाय प्लगने ते थांबेलच असे नाही. पुष्कळ प्लग ‘आधी होते तसे’ या स्थितीत परत येतात. सेटिंगमध्ये जाऊन ‘लाईट आल्यावर बंद’ निवडा, आणि प्लग १६ अँपियरचाच घ्या. तरीही गोव्याहून येताना चोर्ल्यातून मोबाईलवर हीटर चालू करणे मला पटत नाही. त्यासमोर कुणी गोधडी वाळत घातली आहे का हे मोबाईल सांगत नाही.

माणूस आला की चालू होणारे सेन्सर दिव्यांसाठी ठीक. हीटरला जोडायचे तर सेन्सरने कॉन्टॅक्टर चालवावा, आणि सेन्सर हीटरच्या झोतात येणार नाही अशा बाजूला बसवावा.

१६. हॅलोजन हीटर चालू करताक्षणी एमसीबी उडते. पुन्हा लावली की कधी चालते, कधी उडते.

हॅलोजनमधली टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध तापल्यावरच्या रोधाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. म्हणून पहिल्या क्षणी करंटची मोठी उसळी येते. ‘बी’ प्रकारची एमसीबी आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला लगेच उडते, ‘सी’ प्रकारची ५ ते १० पटीला. ‘सी’ लावा, आकडा तोच ठेवा. अनेक हीटर असतील तर एकदम न लावता एकामागून एक लावा. सॉफ्ट स्टार्टचा डिमरही उपाय आहे.

काही मिनिटांनी उडत असेल तर हा मुद्दा नव्हे. तो ओव्हरलोड किंवा सैल स्क्रू. एमसीबीचे टर्मिनल घट्ट करून घ्या.

१७. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावला आणि आरसीसीबी उडाली. हीटर गेला का?

गेलाच असे नाही. लोखंडी किंवा स्टीलच्या नळीच्या रॉडमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते. चार महिने दमट हवेत पडून ती ओल शोषते आणि करंट बॉडीकडे झिरपू लागतो. आरसीसीबी बरोबर काम करते आहे.

हीटरचा पुरवठा तोडून तो दोन-तीन दिवस कडक उन्हात, कोरड्या जागी ठेवा. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगओहमच्या वर असेल तर लावा. नसेल तर रॉड बदला. ‘आरसीसीबीला बगल देऊन अर्धा तास चालवा, आपोआप वाळेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. रॉड वाळतो हे खरे, पण तेवढा वेळ हीटरच्या अंगात करंट असतो.

क्वार्ट्झ नळीच्या हॅलोजनला ही पावडरच नसते. त्यात आरसीसीबी उडाली तर जंक्शन बॉक्स उघडून बघा. मुंग्या, पाली आणि पाणी, या क्रमाने. न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून घेतला असेल तरीही ती उडते. मग ती पावसाची वाट बघत नाही, पहिल्याच दिवशी उडते.

१८. थ्री फेजवर हीटर लावले. एक दिवस तीन हीटर आणि दोन टीव्ही एकदम गेले. का?

न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला. थ्री फेजमध्ये दोन फेजमधले अंतर ४०० व्होल्ट. न्यूट्रल असेपर्यंत प्रत्येक फेजला २३० मिळतात. तो सुटला की जिथे लोड कमी तिथे व्होल्टेज वर जाते, ३०० च्याही पुढे. टीव्ही, एलईडी आधी जातात.

उपाय तीन. हीटर तिन्ही फेजवर सारखे वाटा. न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड ठेवा आणि तिचे जोड दरवर्षी आवळून घ्या. आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवा, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो सगळे तोडतो. खांबावरचा न्यूट्रल सुटला असेल तर स्वतः शिडी लावू नका, वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, १९१२ वर कळवा.

१९. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर चालेल का?

घरगुती इन्व्हर्टरवर नाही. वायरिंग करतानाच हीटरची लाईन इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवा.

जनरेटरची क्षमता हीटरपेक्षा भरपूर जास्त असेल तर चालतो. एक अट आहे: छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुधा आर्थिंगला जोडलेला नसतो, आणि मग आरसीसीबी टेस्ट बटणाला उडते पण खऱ्या गळतीला उडेलच असे नाही. ही जोडणी आणि चेंजओव्हर वायरमनकडून नीट करून घ्या.

२०. बिल किती येईल? गृहज्योती जाईल का? लोड वाढवावा लागेल?

२००० वॅट रोज तीन तास म्हणजे ६ युनिट, महिन्याला १८०. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज मोफत असते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते. घरातला नेहमीचा वापर ८०-९० युनिट असला तरी हा एकटा हीटर तुम्हाला पलीकडे नेतो. रोज एक तास, तोही टायमरवर, असा हिशेब धरा.

मंजूर लोड बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो. गिझर, मिक्सर, पंप आणि हीटर मिळून तो ओलांडत असेल तर हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात, ज्याला आपण अजून केईबीच म्हणतो तिथे, वाढीव लोडचा अर्ज करा. हुक्केरी तालुक्यात तो ग्रामीण वीज सहकारी संघाकडे.

२१. फार्महाऊसवर शेतीपंपाचे कनेक्शन आहेच. त्यावरून दोन हीटर लावले तर?

ते कनेक्शन पंपासाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय पंपाच्या लाईनला वेळापत्रक असते. थंडी रात्री आठला आणि लाईट पहाटे तीनला, असा प्रकार. घरासाठी वेगळे मीटर घ्या. लग्न, साखरपुड्यासाठी तात्पुरते कनेक्शन मिळते.

२२. भावाने दुबईहून हीटर आणलाय. प्लग कापून आपला लावू का?

आधी मागची पट्टी वाचा. २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असेल तर आपला १६ अँपियरचा तीन पिनी प्लग लावता येतो, हिरवी-पिवळी वायर आर्थिंगच्या मोठ्या पिनेला. युरोपचा गोल दोन पिनांचा प्लग आपल्या सॉकेटात जातो खरा, पण त्याचे आर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असते, ते आपल्याकडे जुळतच नाही. चालतो म्हणून तसाच वापरू नका. अमेरिकेचा १२० व्होल्टचा हीटर इथे लावला तर साडेतीन पटींहून जास्त वॅट ओढून फुटेल.

२३. आमचा वायरमन चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, आहे. त्याने केलेले इकडे चालेल?

व्होल्टेज तेच, वायर तीच, भारतीय मानके तीच, काम उत्तम असू शकते. पण हेस्कॉमकडे लोड वाढवायला किंवा नवे कनेक्शन घ्यायला कागद लागतात, आणि त्यावर कर्नाटकच्या विद्युत निरीक्षक खात्याचा परवाना असलेल्या ठेकेदाराची सही लागते. काम सुरू होण्याआधीच सही कुणाची हे ठरवा. भिंत बुजवून झाल्यावर दुसऱ्याच्या कामावर सही करायला कुणी तयार होत नाही.

२४. नळी काळपट झाली, पुसू का?

डीपी बंद करून, पूर्ण गार झाल्यावर. क्वार्ट्झ नळीला उघड्या बोटाने हात लावू नका. बोटांचे तेल लागलेली जागा तापून पांढुरकी होते आणि तिथेच तडा जातो. हात लागलाच तर सर्जिकल स्पिरिट आणि मऊ सुती कापडाने पुसा, वाळू द्या. काळेपणा आतून असेल तर तो पुसून जाणार नाही, नळी संपत आली आहे. त्याच वॅटची आणि त्याच लांबीची नवी आणा, जुनी सोबत घेऊन जा.